टिल्लूशेठ

एखाद्या पेशंटची साखर कमी येते. दोघांची येऊ शकते. एका पेटीतून आलेल्या सगळ्यांची एकदम कमी येत नाही. त्या दुपारी आली.

आधी मी मशीनवर संशय घेतला, कारण मशीनला वाईट वाटत नाही. कंट्रोल लावून पाहिलं. कंट्रोल म्हणजे उत्तर आधीपासून माहीत असलेला नमुना. तो बरोबर आला तर मशीन ठीक आहे असं धरायचं. तो बरोबर आला. मग मी नळ्यांवरची नावं वाचली. त्यांत एक आजी होत्या. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, पथ्यं बदलली, पण त्यांची साखर वर्षानुवर्षं ढिम्म हलली नव्हती. आज ती एखाद्या शाळकरी मुलीसारखी शहाणी झाली होती.

नळीत आलं म्हणून रक्त मरत नाही. त्यातल्या पेशी जगत राहतात, आणि जगायचं म्हणजे खायचं, म्हणून नळीतलीच साखर खात राहतात. थंडाव्यात हळू खातात, उकाड्यात भराभर. म्हणून दवाखान्यांतून घेतलेलं रक्त बर्फाच्या पेटीतून लवकर लॅबमध्ये यायला हवं आणि आल्या आल्या यंत्रात फिरवून पेशी खाली बसवायला हव्यात. या नळ्या वाटेत कुठेतरी बराच वेळ पडून होत्या. पेटीतल्या बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालं होतं आणि उचलल्यावर ते डुबूक डुबूक हलत होतं.

ती पेटी माझा धाकटा भाऊ घेऊन येतो.

"पंक्चर झालं, ताई," पेटी ठेवताना तो म्हणाला होता. मी "बरं" म्हणाले होते. त्याचे हात स्वच्छ होते, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

मी सगळी पेटी बाद केली, दवाखान्यांना फोन करून रक्त पुन्हा मागवलं. बाईंना सांगितलं, बर्फ वितळला. बाई म्हणजे आमच्या लॅबच्या मालक आणि डॉक्टर. त्यांना सगळे बाईच म्हणतात. त्या म्हणाल्या, "एकदा होतं." त्यांच्या बोलण्यात 'एकदा' या शब्दावर जोर होता.

भावाला सगळे टिल्लू म्हणतात. उंची बेताची, म्हणून शाळेत पडलेलं नाव. ते त्याला इतकं चिकटलं, की तुरुंगात हा पोचण्याआधी ते पोचलं होतं. एका गोदामातून मोबाइल फोनची खोकी गेली तेव्हा टिल्लू कोपऱ्यावर उभा होता. कोपऱ्यावर उभं राहायचं आणि कुणी आलं तर शिटी मारायची, एवढंच त्याचं काम. त्याला शिटी वाजवता येत नाही. नुसती हवा येते. हे घरात आम्हाला ठाऊक होतं, त्याच्या साथीदारांनी विचारलं नव्हतं. ते मागच्या बाजूने निसटले आणि हा समोर उभा राहून फुंकत बसला.

पोलिसांनी नावं विचारली. याने सांगितली नाहीत. कोर्टात विचारली, तिथेही नाही. नावं दिली असती तर शिक्षा निम्म्यावर आली असती असं वकील आईला म्हणाले होते. तो पूर्ण भोगून आला.

आल्यावर कुठे कामाला घेईनात. अर्जात तो एक रकाना असतोच, आणि नसला तर तोंडी विचारतात. शेवटी मी बाईंकडे गेले. बाईंनी चारित्र्याचा दाखला मागितला. मी म्हणाले, दाखला मिळायचा नाही, मी शब्द देते. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "लॅबमध्ये शब्द चालत नाही, ताई. इथे आकडा लागतो." पण घेतलं.

*

त्याच संध्याकाळी घरी त्याचा फोन वाजला. आमच्याकडे रेंज फक्त खिडकीत येते, म्हणून सगळ्यांचे फोन खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने असतात, कुंड्यांसारखे. टिल्लू आंघोळीला गेला होता. फोन वाजायचा थांबेना, तेव्हा मी उचलला.

"टिल्लूशेठ, आराम चाललाय का?"

वयस्क माणसाचा आवाज. सावकाश, मऊ.

"त्रास नको तुम्हाला. सवडीनं या उद्या. तुमची खुर्ची मोकळी ठेवलीय."

"ते आंघोळीला गेलेत," मी म्हणाले.

तोंडून शब्द गेले आणि मग माझे मलाच ऐकू आले. ज्याचं नाक मी पुसलं, ज्याला मी पाढे म्हणायला लावले, त्या पोराला मी जन्मात पहिल्यांदा अहो-जाहो केलं होतं. समोरच्याचा सूर लागतो तो असा.

"ताई का? नमस्कार, ताई. मामांचा फोन होता म्हणून सांगा. घाई काही नाही."

आई ओट्यापाशी भांडी पुसत होती. "कोण गं?"

"मामा."

"कुणाचा मामा? मला कुठला भाऊ?"

"तोच विचार करतेय."

"पण किती अदबीनं बोलत होते. मला इथवर ऐकू आलं. टिल्लूशेठ!" आईने पुसलेलं ताट पुन्हा एकदा पुसलं. "वरची जागा दिली वाटतं याला तुमच्या बाईंनी. तू काही बोलली नाहीस ती."

मी तेव्हाही काही बोलले नाही. लॅबमध्ये त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. काउंटरवरची मुलगी त्याच्याहून लहान आहे. ती म्हणते, "ए, पेटी तिकडे ठेव." तो जवळून गेला की तिचा हात आपोआप गल्ल्याच्या खणावर जातो. खण बंदच असतो, तरी जातो. दुसरा पेटीवाला त्याच्याच वयाचा, त्याला ती "तुम्ही चहा घेतला का?" विचारते. टिल्लूला विचारत नाही. त्याच्यासमोर कप ठेवते, तोही थोडा लांब. कुणी दुष्ट नाही त्यांच्यात. टिल्लूलाही राग येत नाही. पूर्ण नावाने हाक मारली की मात्र तो हातातलं सगळं खाली ठेवून ताठ उभा राहतो. आतली सवय. मग सगळे दुसरीकडे बघतात.

*

गच्चीवर कपडे वाळत होते. मी टिल्लूला मदतीला म्हणून वर नेलं.

"पंक्चर कुठल्या चाकाचं होतं?"

"मागच्या."

"आणि हा मामा कुठल्या चाकाचा?"

तो हसला. हसताना तो अजून लहानपणीसारखा दिसतो, पण हल्ली ते पटकन मिटतं. "फोन तू घेतलास होय."

"आईला भाऊ नाही आणि आपल्याला मामा कसा?"

"सगळेच मामा म्हणतात त्यांना. जुने फोन घेतात, सुटे भाग विकतात. रीतसर दुकान आहे, ताई. पाटी आहे."

"गोदामातले फोन तिथेच गेले होते?"

तो चादरीची टोकं जुळवत राहिला.

"अच्छा," मी म्हणाले.

"मी कुठे काय बोललो?"

"नाही बोललास ना."

त्याने चादर खांद्यावर टाकली आणि कठड्याला टेकला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं.

"तुला एक सांगू? रागावू नकोस. आधी मी कोपऱ्यावरचा पोरगा होतो. काम झालं की उरलंसुरलं हातावर टेकवायचे, तेही मी आठवण केली तर. 'ए टिल्ल्या, चहा आण.' आता मी गेलो की खुर्ची फडक्यानं पुसतात. का, माहितेय? मी आत गेलो आणि तोंड उघडलं नाही. पूर्ण भोगून आलो. इकडे सगळे दाखला मागतात. तिकडे मीच दाखला आहे."

"आणि पैसे?"

"तुझा महिन्याचा पगार," तो म्हणाला, "मला एका फेरीला मिळेल." त्यात तोरा नव्हता. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं त्याने सांगितलं. "आत गेलो नसतो तर जन्मभर शिट्याच मारत बसलो असतो."

"त्याही वाजत नाहीत तुला."

"तेच ना."

"फेरी कसली?"

"काही ठरलेलं नाही. बोलावतात, बसवतात, चहा पाजतात. म्हणतात, विचार करा. 'करा' म्हणतात, ताई."

त्याला पैशांचा मोह पडला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. पैशांवर बोलायला माझ्याकडे चार वाक्यं होती. 'करा' या शब्दावर एकही नव्हतं.

"चहा पीत बसलास आणि पेटी उन्हात राहिली," मी म्हणाले.

तो दचकला. "कुणी पाहिलं?"

"कुणी नाही. नळ्यांनी सांगितलं."

मग मी त्याला सांगितलं, पेशी कशा जगत राहतात, साखर कशी खातात. शाळेत विज्ञानाच्या तासाला झोपणारा माझा भाऊ हे अगदी कान देऊन ऐकत होता. मला बरं वाटलं. लक्ष देऊन ऐकणारा माणूस समोर असला की मला नेहमीच बरं वाटतं.

"म्हणजे बर्फ टिकला असता तर कळलं नसतं?"

"साखर टिकली असती," मी म्हणाले.

विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं तेवढंच उत्तर द्यायचं, हे मला शिकवलेलं आहे आणि ते माझ्या अंगवळणी पडलंय. त्याने साखरेचं विचारलं, मी साखरेचं सांगितलं. त्याने ते का विचारलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

"त्यांच्याकडे जाऊ नकोस, टिल्लू."

"बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे बघतो. चल, आई हाका मारतेय."

आई हाका मारत नव्हती.

*

त्यानंतर मी त्याच्या गाडीचा आवाज ओळखायला शिकले. पेटी आली की आधी बर्फाला हात लावायचा, मग झाकण, मग नळ्या. साखरेचे आकडे एकेक करून पडद्यावर यायचे आणि मी दाताखाली जीभ धरून बसायचे. आजींची साखर पुन्हा होती तिथे जाऊन बसली होती. त्यांच्यासाठी ती वाईट बातमी होती. माझा जीव तेवढ्याने भांड्यात पडायचा, आणि तसा पडतो याची मला लाजही वाटायची.

घरी खिडकीतला फोन वाजला की मी आणि आई दोघीही बघायचो. आई कौतुकाने.

मग तो दिवस आला. पेटी एरवी जेवणाच्या सुट्टीआधी येते. त्या दिवशी आम्ही डबे धुऊन ठेवले तरी ती आली नव्हती. टिल्लू आला तेव्हा घामाने भिजलेला होता. "दवाखान्यातच उशिरा दिलं," तो म्हणाला आणि लगेच बाहेर गेला. मी दवाखान्यात फोन करून विचारू शकले असते. नाही केला. त्याऐवजी झाकण उघडून बर्फाला हात लावला.

बर्फाची पिशवी दगडासारखी कडक होती. बोटं चिकटली. हुश्श केलं मी. पोरगं काळजी घ्यायला शिकलं, असं मनात आलं.

साखर आली. सगळी जिथल्या तिथे. आजी पुन्हा आजी.

मग पोटॅशियम यायला लागलं. पहिल्याचं जास्त. दुसऱ्याचं जास्त. एका धडधाकट तरुण मुलीचं, जी नोकरीपूर्वीच्या तपासणीसाठी आली होती, तिचं जास्त. मी खुर्ची मागे घेतली.

पोटॅशियम पेशींच्या आत कोंडलेलं असतं. ते आत ठेवायला पेशीला सतत पंप मारावा लागतो. थोडा वेळ बर्फाच्या पेटीत राहिल्याने काही बिघडत नाही. पण न फिरवलेलं रक्त फ्रिजमध्ये तासन्‌तास ठेवलं तर गारठ्याने पंप मंदावतो आणि पोटॅशियम झिरपत बाहेर येतं. साखर मात्र जशीच्या तशी राहते, कारण गारठ्यात पेशींना भूकही लागत नाही. हे रक्त सकाळीच घेतलेलं होतं. ते कुठल्यातरी फ्रिजमध्ये होतं. आणि सकाळी भरलेला बर्फ इतका कडक राहत नाही. तो थोड्या वेळापूर्वी कुणीतरी नवा घातला होता.

त्याने माझं ऐकलं होतं. एकूण एक शब्द.

"ताई," काउंटरवरची मुलगी दारात आली, "त्या किडनीच्या पेशंटचे डॉक्टर फोनवर आहेत. पोटॅशियम तेवढं आत्ता सांगा म्हणतात. त्यावर औषध ठरवायचंय."

त्या पेशंटचा आकडा पडद्यावर होता. तो खरा असेल तर त्या माणसाचं हृदय कोणत्याही क्षणी बंद पडू शकत होतं आणि आत्ता, या मिनिटाला इलाज करायला हवा होता. खोटा असेल तर त्याच इलाजाने त्याचा जीव धोक्यात आला असता. आणि खरा की खोटा हे या नळीतून आता कुणालाच कळणार नव्हतं, मलाही नाही.

"सांग, नमुना बाद आहे. आकडा देऊ शकत नाही. रक्त ताबडतोब परत घ्या म्हणावं, आम्ही स्वतः न्यायला येतोय."

"तेवढाच ना?"

"सगळी पेटी."

"परत?" तिने हे जरा मोठ्याने म्हटलं, आणि बाई त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या.

बाईंनी आधी बर्फाला हात लावला. मग कंट्रोलचा कागद बघितला. टिल्लू परत येऊन दाराशी रिकामी पेटी पुसत उभा होता. काउंटरवरची मुलगी फोनवर बोलून परत आली आणि दारातच थांबली. तिच्यामागे दुसरा पेटीवाला.

"कारण काय लिहायचं?" बाईंनी विचारलं.

मी नळ्यांवरची नावं पुन्हा वाचायला लागले.

"मशीन?"

"ठीक आहे."

"कंट्रोल तर बरोबर दिसतंय. बर्फ हाताला चिकटतोय. मग नमुने बिघडले कसे?"

माझ्याजवळ उत्तर होतं, नेमकं होतं, आणि प्रश्नही स्पष्ट विचारलेला होता. टिल्लूच्या हातातलं फडकं थांबलं होतं. मी फक्त एक शब्द बोलायचा अवकाश, की हे काम संपणार होतं, आणि मग त्याला घ्यायला कुणीही उरणार नव्हतं. उरणार होती एकच खुर्ची, फडक्याने पुसलेली.

मी गप्प राहिले. गप्प बसायचं कसब आमच्या घरात एकाकडेच आहे, असं मला वाटत होतं.

"ताई, थोड्या दिवसांत ही दुसरी वेळ." बाई आवाज चढवत नाहीत, त्या तो खाली आणतात. "मशीन बरोबर, बर्फ बरोबर. राहता राहिलं कोण? नमुना हाताळणारं माणूस. सही तुमची असते."

"हो."

"हो म्हणजे? चूक तुमची?"

मी टेबलाकडे बघत राहिले.

"मग मला मशीनवर दुसऱ्या कुणाला तरी बसवावं लागेल," बाई म्हणाल्या. त्यांना ते बोलताना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. पण त्या करणार होत्या हेही दिसत होतं.

"बाई," टिल्लू म्हणाला.

"तू थांब रे जरा."

"नळ्या फ्रिजात होत्या."

बाई वळल्या.

"मामांच्या दुकानात. सकाळपासून. पेटी रिकामी करून घेतली होती, दुसऱ्या कामाला." शब्द सुटे सुटे येत होते. "चोरीचे फोन होते. रक्ताची पेटी कुणी उघडत नाही. गेटवर तपासणारे लोक हात मागे घेतात. मी नेले. आजच, एकदाच. मागच्या वेळी नुसतं बसलो होतो. ताईचं काही नाही त्यात."

"कुठलं दुकान?"

त्याने रस्ता सांगितला, पाटीवरचं नाव सांगितलं, मामांचं खरं नाव सांगितलं. मग तो थांबला. आम्हाला वाटलं, संपलं. त्याने फडकं खाली ठेवलं, ताठ उभा राहिला, आणि गोदामाच्या वेळी जे मागच्या बाजूने पळाले होते त्या तिघांचीही नावं सांगितली. ती त्याला कुणी विचारली नव्हती. पोलिसांना, कोर्टाला, आईच्या रडण्याला जी दिली नाहीत, ती त्याने काउंटरवरच्या मुलीसमोर आणि दुसऱ्या पेटीवाल्यासमोर एकापाठोपाठ एक म्हणून टाकली.

मशीनने एक आकडा काढला आणि ते पुन्हा घुमायला लागलं.

"आधी रक्त परत आणा," शेवटी बाई म्हणाल्या. "दोघं जा. त्या किडनीवाल्यांचं पहिलं. बाकीचं नंतर."

जिन्यात टिल्लूने मला विचारलं, "साखर तर बरोबर आली होती ना?"

"साखर बरोबर होती."

"मग?"

"पोटॅशियम."

"ते तू सांगितलं नव्हतंस."

"तू विचारलं नव्हतंस."

तो एक पायरी थांबला, मग खाली उतरला.

मी त्याच्या मागे पेटी मांडीवर घेऊन बसले. तो खड्डे चुकवत चालवत होता, मला म्हणून की नळ्यांना म्हणून, कोण जाणे. एका सिग्नलला मान न वळवता म्हणाला, "परत आत जावं लागेल?"

"कदाचित."

"या वेळी बाहेर आल्यावर कुणी खुर्ची देणार नाही."

"नाही."

"उलट..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं. हिरवा दिवा लागला.

किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम त्यांच्या नेहमीच्याइतकंच निघालं. मी स्वतः डॉक्टरांना फोन करून सांगितलं. बाकीच्या नळ्यांचे आकडेही जागच्या जागी आले. लॅब बंद करताना बाई त्यांच्या खोलीच्या दारात आल्या. "पोलिसांकडे मी येईन बरोबर. उद्या सकाळी लवकर या," त्या म्हणाल्या. मी आणि टिल्लू शेजारी शेजारी उभे होतो. ते 'या' दोघांना होतं की त्याला, मला कळलं नाही. टिल्लूलाही कळलं नसावं. तो "हो, बाई" म्हणाला आणि बाई आत गेल्यावरही तिकडेच बघत राहिला.

*

आमच्या लॅबमधली गोष्ट रिपोर्टपेक्षा लवकर पोचते. आम्ही घरी येऊन हातपाय धुतो न धुतो तोच खिडकीत त्याचा फोन वाजला. टिल्लू तिथेच, हाताच्या अंतरावर बसला होता. त्याने घेतला नाही. मी घेतला.

"ए टिल्ल्या!"

तोच आवाज. मऊपणा तेवढा गेला होता.

"लय तोंड सुटलंय काय रे तुझं? कुठं दडून बसलायस?"

"तो घरीच आहे," मी म्हणाले.

तिकडे श्वास ऐकू आला. मग फोन बंद झाला.

"कोण गं?" आईने विचारलं. "तेच का, मामा?"

"हो."

"आवाज चढलेला वाटला. अरे-तुरे करत होते की काय?"

"हो, आई."

आई हातातली वाटी तशीच धरून टिल्लूकडे बघत राहिली. "गेली वाटतं बढती," ती हळूच म्हणाली. मग त्याला बरं वाटावं म्हणून, "जाऊ दे रे. मिळेल परत."

टिल्लू उठला आणि दाराची कडी लावून आला. बसला. परत उठला आणि ती नीट लागलीय का, ते हाताने हलवून बघून आला.

"काय म्हणाले?" त्याने मला विचारलं.

"टिल्ल्या म्हणाले."

त्याने मान डोलावली. कपाळावरचा घाम बाहीने पुसला. भीती त्याच्या चेहऱ्यावर होतीच, पण आणखीही काहीतरी होतं, खूप दिवसांनी बूट काढल्यावर असतं तसं.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला.

कट्ट्यावर फोन पुन्हा वाजायला लागला.